दाराच्या डाव्या हाताला

रुमियातीला त्या दिवशी काही केल्या बसवत नव्हतं. चहा केला तो गार झाला, भात टाकला तो खाली लागला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत जायची, खाली वाकून बघायची, परत आत यायची. आत लेक सेम्बाद्रा बॅग भरत होती, आणि ती बॅग दिसली की बाई पुन्हा गॅलरीत.

"आई, एका जागी बस ना गं! तुझ्याकडं बघून मलाच गरगरायला लागलंय."

"तू तैवानला निघालीस आणि मी बसू? छान!"

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी, पुढे विमान, आणि मग तीन वर्षं कुणा परक्याच्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा. पोरीनं स्वतःच ठरवलेलं. रुमियातीनं आधी आकांडतांडव केलं, मग अबोला धरला, मग हात टेकले. आता तिचं मागणं एवढंच होतं, की लेकीच्या पदरात तिची वार पुरली त्या जागेची चिमूटभर माती बांधून द्यायची. आणि नशीब बघा, खाली नळाच्या कामासाठी पार्किंग फोडून लांबलचक चर खणला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथली जमीन उघडी पडली होती. संध्याकाळी चर बुजवणार होते.

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या खाडीकाठी आज या इमारती आहेत, तिथं पूर्वी रुमियातीची गल्ली होती. बुटकी घरं, पत्र्याची छपरं, अंगणात वाळत घातलेले कपडे. भरतीचं पाणी घरात शिरलं म्हणून सेम्बाद्राच्या वेळी रुमियातीला लांब टेकाडावरच्या सुईणीकडं हलवलं होतं. तान्हीला घेऊन ती परत आली तोवर पाणी ओसरलं होतं, आणि नवरा सुकार्दीनं वार घरी आणून सगळं रीतसर केलेलं होतं. मुलाची वार पुरायची दाराच्या उजव्या हाताला, मुलीची डाव्या. मडक्यात मीठ, सुईदोरा, पोर शिकावं म्हणून पेन्सिल. वर विटा, पालथी टोपली आणि महिनाभर तेवणारा दिवा. वार म्हणजे बाळाचं पाठचं भावंडच की. ते जमिनीत राहतं आणि लांब गेलेल्याला घराकडं ओढतं. तिथली माती जवळ असली की माणूस परततो. आणि ज्याची वार पाण्यात सोडली, त्याच्या पायाला जन्माची भिंगरी. शेजारच्या तार्मीचा भाऊ तसाच गेला, सुमात्राला. आई मेली तरी आला नाही.

दुपार व्हायच्या आत रुमियाती खाली उतरली. हातात जुनं खुरपं आणि लुगड्याच्या काठाचा एक तुकडा. जुन्या गल्लीतल्या माणसांना याच इमारतीत घरं मिळालेली, तेव्हा विचारायला दूर जावं लागलं नाही. तार्मी लगेच हजर झाली. टोफूवाले म्हातारे कारसान, सगळ्यांचे 'पाक' म्हणजे काका, आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेलेच होते. सुकार्दीचे ते जिवाभावाचे दोस्त.

जुनं म्हणून काय ते कोपऱ्यावरचं नमाजघर तेवढं उरलं होतं. तिथून मोजायचं ठरलं.

"हे बघ," तार्मी ऐटीत म्हणाली, "नमाजघराला लागून माझं घर. ते इथपासून, हे... इथपर्यंत."

"बाई गं! घर होतं की राजवाडा? दोन माणसं आली की एकाला दारात उभं राहावं लागायचं तुझ्याकडं!"

"तुझं तेवढं मोठं होतं, नाही का!"

तार्मीचं चूक नव्हतं. गेलेलं घर आठवणीत फुगतंच. तिच्यापुढं टोफूचा कारखाना, मग पक्ष्यांचे पिंजरे विणणाऱ्याची ओसरी, मग चिंच, मग रुमियाती. पण ज्यानं त्यानं आपापलं माप सांगितलं तसं धरलं असतं, तर रुमियातीचं दार थेट रेल्वेच्या रुळांवर गेलं असतं. रुमियाती खडूनं रेघ मारायची, पुसायची, पुन्हा मारायची. शेवटी रखवालदार आला.

"बाई, इथं रेघोट्या मारू नका. ही जागा बी विंगच्या साहेबांच्या गाडीची आहे."

"साहेबांचे दुधाचे दात पडायच्या आधी इथं माझी चूल होती! जा, सांग त्यांना."

तो बिचारा निमूटपणे गेला.

"पाक कारसान, तुम्ही तरी बोला की," रुमियाती म्हणाली. "सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय."

म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. एरवी हा माणूस बोलायला लागला की आवरत नसे.

मग तार्मीच ओरडली, "अगंबाई, ते बघ! जातं!"

चराच्या भिंतीतून दगडी जात्याची अर्धी पाळू बाहेर डोकावत होती. कारसानच्याच कारखान्यातलं, सोयाबीन दळायचं. रुमियातीच्या अंगावर काटा आला. आता कसली मापं नि कसलं काय! जात्याच्या पुढं पिंजरेवाला, पुढं चिंच. आणि खरंच, थोड्या अंतरावर चरात कुजकं काळं मूळ आडवं गेलं होतं. त्याच्या पलीकडं दार. दाराच्या डाव्या हाताला...

पासष्टीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण पदर खोचून चरात उतरली सुद्धा. पाय चिखलात रुतला, भिंतीची ढेकळं घसरली. तार्मी किंचाळली.

"रुमी, वर ये," कारसान उठून कडेला आले होते.

"माती घेते की येते."

"ये म्हणतो ना. तिथं काही नाही."

"नाही कसं? माझ्या डोळ्यांनी दिवा बघितलाय मी."

"दिवा होता," म्हातारा म्हणाला. "खाली काही नव्हतं."

रुमियातीनं खुरपं खाली केलं.

"गल्लीत गुडघाभर पाणी होतं. सुकार्दीनं दोनदा खणलं. दोन्ही वेळा खड्डा भरला आणि मडकं तरंगत वर आलं. पाणी काही हटेना, वार किती दिवस ठेवणार? मग आम्ही दोघं बांधावर गेलो आणि ओहोटीला सोडून दिलं. तो लहान मुलासारखा रडत होता. म्हणाला, रुमीला कळलं तर ओली बाळंतीण झोपायची नाही. पाणी उतरल्यावर विटा रचल्या, दिवा लावला."

"महिनाभर!" रुमियातीचा आवाज फाटला. "महिनाभर वाऱ्यापासून जपला मी तो दिवा! मांजरं हाकलली! रिकाम्या विटांवर?"

"तो बघायचा ना तुला. रोज मला म्हणायचा, उद्या सांगतो."

आता मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तिनं खुरपं चिखलात दाणकन मारलं. खोटारडा! सबंध संसार झाला, तो गेला, आणि त्याचा हा 'उद्या' काही उगवला नाही. तार्मीनं आणि आरडाओरडा ऐकून परत आलेल्या रखवालदारानं तिला ओढून वर काढलं. तार्मीला भाऊ आठवला असणार, ती डोळे पुसत होती.

रुमियाती जिन्यापाशी आली. वर जाऊन काय सांगायचं? पोर दिवसभर तिच्या वेडाला हसत होती. हसेल पुन्हा, दुसरं काय! जिन्याखाली सोसायटीची शोभेची कुंडी होती, नर्सरीतून आणलेल्या भुसभुशीत मातीची. तिनं इकडं तिकडं पाहिलं, कुंडीत हात घातला आणि मूठ काठाच्या तुकड्यात बांधली. स्वतःचाच इतका राग आला, की चौथ्या मजल्यापर्यंत ती कठड्याला न धरता चढली.

सेम्बाद्रा बॅगेशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मिळाली?"

"मिळाली."

"नक्की तिथलीच?"

"दाराच्या डाव्या हाताची. मी विसरेन होय?"

सेम्बाद्रानं पुरचुंडी घेतली आणि बॅगेचा आतला कप्पा उघडला. बॅग गच्च भरलेली, तेवढा कप्पा मात्र रिकामा होता.

"सकाळीच ठेवला होता," ती म्हणाली, आणि एकदम तिचा चेहरा रडवेला झाला. "हसत होते गं मी उगीच. नसती मिळाली ना, तर मला जाववलंच नसतं. फोन करून नाही म्हणून टाकणार होते."

रुमियाती लेकीशेजारी टेकली. एक शब्द, की पोरगी घरात राहते. उद्या बॅग उपसली जाईल, परवा दोघी भाजी निवडत बसतील. शब्द अगदी ओठांवर आला. सेम्बाद्रा ती कुंडीतली माती नाकाशी धरून वास घेत होती, लहानपणी आईच्या पदराचा घ्यायची तसा.

"दे इकडं," रुमियाती म्हणाली. "गाठ सैल आहे. वाटेत सुटेल."

तिनं गाठ सोडली, पुन्हा बांधली, दातांनी ओढून घट्ट केली. सांगू, ती मनाशी म्हणाली. परत आली की सांगू.