काचेवरचे बाळकाका

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली प्रतिक्रियांत कोणी मला शहाणपण शिकवायला नको. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे आणि मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं लॅबमध्ये होते. माझ्या माहेरी मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला वाट द्यायचो, बस. कोणी भानामती-करणीचं सांगायला लागलं की मी आधी विचारते, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात? तरीही हे लिहितेय... कारण याची तारीखवार नोंद मी स्वतः ठेवली होती, लॅबच्या वहीत, आणि ती वही मला अजून छळते.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. लग्न होऊन मी डोंबिवली पूर्वेला आले. तीन मजली सोसायटी, दुसरा मजला, दोन खोल्या आणि गॅलरी. घरात सासरे अप्पा, सासूबाई, म्हणजे आई, माझा नवरा विनय आणि मी. नणंद सुनीता लग्न होऊन ठाण्याला गेलेली. बाहेरच्या खोलीत अप्पांचं टेबल होतं. त्याच्यावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, आणि तिच्यावर काच. चांगली जाड, कडा घासलेली, दोघांनी उचलावी अशी.

त्या काळी टेबलावरची काच कशासाठी असायची हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काचेखाली वस्तू ठेवायच्या. गाड्यांचं टाइमटेबल, डॉक्टरांचं कार्ड, गॅसचा नंबर आणि फोटो! अप्पांच्या काचेखाली अख्खं गोत होतं. पण तिथे जागा मिळणं सोपं नव्हतं. अप्पा ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, त्यांना सगळं आखूनरेखून लागायचं. ज्याच्याशी पटतं तो मधोमध, जरा बिनसलं की कडेला, आणि भांडण झालं की बाहेर. नव्या सुनेने घरातलं राजकारण शिकायला त्या टेबलाभोवती एक चक्कर मारली की पुरे. मी स्वतः वर्षभर गॅसच्या नंबराशेजारी होते.

आणि बरोब्बर मधोमध, अप्पांच्या कपाची जागा असायची तिथे, एक चेहरा होता. फोटो नव्हे, नुसता चेहरा. भरघोस मिशांचा, हसरा, कडा खरवडलेला.

ते अप्पांचे धाकटे भाऊ, बाळकाका. सुनीताच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव चुकून 'व्यवस्थापक' म्हणून खाली पडलं. म्हणजे सख्खा काका मांडववाल्याच्या रांगेत! चूक छापणाऱ्याची की अप्पांची, हे कधीच ठरलं नाही. काका लग्नाला आले, आहेर केला, दारात उभ्याने पाणी प्यायले आणि न जेवता निघून गेले. अप्पा म्हणाले, माझ्या मुलीच्या लग्नात अन्नाचा अपमान झाला. काका कोणाजवळ तरी म्हणाले, व्यवस्थापकाने पंगतीत बसू नये. संपलं! त्याला तीन वर्षं झाली होती. काका आमच्या लग्नालाही आले नाहीत. मधल्या काळात कल्याणची जागा सोडून ते खडवलीला राहायला गेले, तेसुद्धा अप्पांना तिसऱ्याकडून कळलं.

सुनीताच्या लग्नानंतर अप्पांनी लगेच काच उचलून फोटो काढायला घेतला होता. पण पावसाळ्याचे दिवस, फोटो काचेला घट्ट चिकटलेला. ओढला तर मागचा कागद हातात आला आणि काका काचेवरच राहिले. इथवर अमानवीय काहीच नाही. ओलाव्याने फोटोवरचा थर काचेला धरतो, हे पुढे या घरात आल्यावर मीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

या सगळ्यात खरं कोणाचं काही जळत असेल तर ते आईंचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बाळकाका अकरा वर्षांचे, आईविना पोर. त्यांना आईंनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं. अप्पांसमोर त्या काकांचं नाव काढायच्या नाहीत. पण सकाळी टेबल पुसताना बाकीची काच एका फटक्यात पुसायच्या आणि तेवढी जागा हलक्या हाताने. मला ते बघवायचं नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, आपण जाऊन येऊ ना खडवलीला. तर म्हणाल्या, "यांनी सांगितल्याशिवाय मी गेले, तर यांचा एक भाऊ गेलाय, त्यात बायकोही गेली असं होईल."

अप्पा चेहऱ्यावर बशी ठेवून चहा प्यायचे. पण बशी उचलली की काका हसतच. एका रविवारी अप्पा मला म्हणाले, तू एवढी केमिस्ट, हे एवढं निघत नाही तुझ्याकडून? माझा व्यावसायिक अभिमान दुखावला. मी लॅबमधून अॅसिटोन आणलं. काच उलटी करून ब्लेडने खरवडली, अॅसिटोनने पुसली, साबणाने धुतली, उन्हाला धरून बघितली. काच स्वच्छ! विनय साक्षीला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

बुधवारी सकाळी काका परत.

तोच चेहरा, त्याच जागी, तेच हसू. मी विनयकडे बघितलं, विनयने माझ्याकडे, आणि अप्पांनी दोघांकडे. फोटोची दुसरी प्रत घरात नव्हती. मी पुन्हा साफ केलं, या वेळी तीन वेगवेगळी सॉल्व्हंट वापरून, वहीत नोंद करून. चार दिवसांनी काका परत. तिसऱ्यांदा दोन दिवसांतच. मला वाटायला लागलं, काकांना आता सराव झाला असेल.

अप्पांनी काच घराबाहेर काढली. आधी ती गॅलरीत लोखंडी स्टँडवर, कुंड्यांखाली गेली. तिथे समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई आईंना विचारायला लागल्या, तुमच्याकडे पाहुणे आलेत का हो? मग अप्पांनी आणि विनयने ती खाली आवारात नेली. बदामाच्या झाडाखाली सिमेंटचं गोल टेबल होतं, रिटायर मंडळी तिथे संध्याकाळी पत्ते खेळायची. त्यावर काच टाकून दिली. सोसायटीला भेट!

आठ दिवस मंडळी खूश होती. मग तक्रारी. काकांच्या समोर बसणारा हरतो म्हणे. एकाने चेहऱ्यावर पंचा टाकला, तर त्याचा भिडू म्हणाला, असू दे, बाळासाहेबांना बघू दे. दोघांची जुंपली. शेवटी सेक्रेटरींचं रीतसर पत्र आलं: 'आपले बंधू आपण आपल्या घरी घेऊन जावेत.' ते पत्र वाचताना अप्पांचा चेहरा असा झाला होता की मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले. तिथे आई आधीच तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेचना.

काच परत टेबलावर आली. आणि आता मुद्द्याची गोष्ट.

एका मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते. आईंनी हाक मारली, "वैशाली, अगं इकडे ये जरा." मी गेले. काचेवर काकांची डावी मिशी नव्हती.

उजवी होती, झुपकेदार. डावीकडे स्वच्छ. खरवडल्याची एक रेघ नाही, म्हणजे मिशी नव्हतीच कधी अशी त्वचा. मी भिंग आणून बघितलं. वहीत लिहिलं: 'मंगळवार, डावी बाजू गायब.' बुधवारी तसंच. गुरुवारी सकाळी उजवीही गेली. आता काचेवर एक गुळगुळीत ओठाचे, जरा ओशाळलेले गृहस्थ होते.

आईंनी धसका घेतला. "त्याला काहीतरी झालंय," एवढंच म्हणत राहिल्या. अप्पा म्हणाले, मूर्खपणा आहे. पण त्या दिवशी त्यांनी चहा गॅलरीत उभ्याने घेतला. आई दुपारी जेवल्या नाहीत, संध्याकाळीही नाही. शुक्रवारी सकाळी अप्पा माझ्याकडे न बघता पेपरात बघून म्हणाले, तुला आज सुट्टी मिळत असेल तर बघ. कुठे जायचं, कशाला, काही नाही.

पत्ता कोणाकडेच नव्हता. खडवलीला उतरले, स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर चौकशी करावी म्हणून गेले, तर बाकड्यावर ते बसले होते. काचेवरचे. नुकतीच मिशी काढलेल्या ओठांनी बशीतून चहा पीत.

मी म्हटलं, "बाळकाका?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "आपण कोण?"

"मी तुमची सून. विनयची बायको."

त्यांचा हात ओठावर गेला. "पण तू मला ओळखलंस कसं? तुमच्याकडे माझे असतील ते सगळे फोटो मिशीवाले. आणि इथे रोजच्या दूधवाल्यानेही काल मला ओळखलं नाही."

घरी नेऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. मिशी पांढरी झाली म्हणून बाजारातला काहीतरी कलप लावला. डावीकडे पुरळ उठलं. मंगळवारी उजाडता उजाडता आरशासमोर बसून डावी बाजू काढली, मग उजवीला हात लावायचा धीर होईना. चाळीस वर्षांची मिशी! दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. गुरुवारी मन घट्ट करून उरलेली काढली. मी कलपाबद्दल त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तो माझा विषय. मग पर्समधून वही काढून समोर ठेवली.

आधी ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी 'मंगळवार' वाचलं, 'गुरुवार' वाचलं, आणि वही मिटून माझ्या हातात दिली. तोपर्यंत त्यांनी 'वहिनी कशी आहे' हे तीनदा विचारलं होतं, दादाचं एकदाही नाही. आता म्हणाले, "दादा गोड खातो का अजून चोरून?" मी म्हटलं, खातात. ते उठले आणि शर्ट बदलून आले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अप्पा टेबलाशी बसलेले. त्यांनी दारात उभ्या भावाकडे बघितलं, मग काचेकडे, मग परत भावाकडे. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य: "मिशी कुठाय?"

काका म्हणाले, "उजवी की डावी?"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी फक्त आपली खुर्ची जरा सरकवली, दुसरी मावेल इतकी. आई आत गेल्या, ताट वाढून आणलं आणि काचेवर, बरोब्बर मधोमध ठेवलं. "सुनीताच्या लग्नातलं राहिलंय तुझं," म्हणाल्या. काका मान खाली घालून जेवले. दोनदा वरण मागून घेतलं. मी ताट उचललं तेव्हा खालची काच कोरी होती. पुसायला फडकं घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

त्यानंतर काच अप्पांनीच काकांना देऊन टाकली. खडवलीच्या अंगणात जांभळाखाली सिमेंटच्या कट्ट्यावर ती बसवली आणि पुढची चारेक वर्षं दोघे भाऊ महिन्यातून दोनदा तिच्याभोवती बसून चहा प्यायचे. सगळं सुरळीत. काचेवर पडली तर जांभळं.

मग एका उन्हाळ्यात पुन्हा वाजलं. विषय काय, तर त्यांची आई आमटीत गूळ घालायची की नाही! अप्पा म्हणायचे नाही, काका म्हणायचे घालायची. अप्पा म्हणाले, तू लहान होतास, तुला काय आठवणार. हे काकांना लागलं, आणि लागणारच. त्यांची आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांच्याजवळ तिचं आठवायला होतं तरी काय, ती आमटीच. दोन महिने बोलणं बंद.

आणि एक दिवस माझ्या नावाने पोस्टकार्ड आलं. ते मी जपून ठेवलंय. 'चि. वैशालीस अनेक आशीर्वाद. काचेवर दादा आला आहे. अंगणात चहा घेणे अवघड झाले आहे. गळ्यात पांढरा पट्टा कसला? मान दुखते का? वहिनीला विचारून कळव.'

अप्पांच्या मानेला डॉक्टरांनी पट्टा लावून जेमतेम चार दिवस झाले होते. खडवलीला कोणी कळवलं नव्हतं. मी प्रत्येकाला शपथ घालून विचारलंय.

कार्ड मी अप्पांच्या हातात दिलं. मान खाली करता येत नव्हती, म्हणून त्यांनी ते डोळ्यांसमोर उंच धरून वाचलं. दोनदा वाचलं. मग सरळ समोरच्या भिंतीकडे बघत आईंना म्हणाले, "डबा काढ. खडवलीला जाऊन येऊ. आमटी कर." आई उठल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर मागून आवाज आला, "गूळ घालून कर."

आता दोघे भाऊ नाहीत, आईही नाहीत. काच माझ्याकडे, माझ्या टेबलावर आहे. कारखान्यातल्या वरिष्ठांना मी तेव्हा वही दाखवली होती, त्यांनी ती वाचून मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं. मला अजून काही उत्तर सापडलेलं नाही. कोणाला सापडलं तर जरूर लिहा, फक्त ओलाव्याचं मला सांगू नका.

गेल्या महिन्यात माझं आणि नणंदेचं, सुनीताचं, फोनवर जोरात वाजलं. मीही अडून बसले. आठव्या दिवशी सकाळी काच पुसताना मधोमध जरा धुरकट दिसलं. बाष्प असणार. नव्याण्णव टक्के बाष्पच. पण मी पुसत बसले नाही. फडकं ठेवलं आणि आधी ठाण्याला फोन लावला.