पक्ष्यांच्या पुस्तकाचा भाव

चामराजपेटेत फूटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे एक म्हातारे मराठी गृहस्थ बसतात. त्यांच्याकडे पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाची पहिली आवृत्ती मला दिसली. मी दर रविवारी भाव विचारायचो आणि दर रविवारी तो चढलेला असायचा.

"पहिल्या आवृत्तीला मागणी वाढलीय," ते चष्मा पुसत सांगायचे.

शेवटी मी म्हणालो, "अण्णा, सांगाल तेवढे देतो."

त्यांचा चेहराच पडला. पुस्तक छातीशी धरून ते हळूच म्हणाले, "स्वल्प थांबा की. माझं घुबडापर्यंतच वाचून झालंय."

मी पैसे खिशात ठेवले. हल्ली मी भाव विचारत नाही, कुठला पक्षी चालू आहे ते विचारतो.

परवा म्हणाले, "संपलं होतं, पण सुरुवातीचं विसरलो. पुन्हा कावळ्यापासून धरलंय."