ओल्या पोत्यावरचा टॅब

ओल्या पोत्यावरच्या शेवंतीचा वास आला की मला परतवाड्याच्या, फुलांचे हार विकणाऱ्या मावशीचा टॅब आठवतो. मावशीला ऐकू येत नाही. लेकीशी ती त्या टॅबवर व्हिडिओ कॉल करून हातांच्या खुणांनीच बोलायची. त्याची मूळ सिस्टिम बिघडली, म्हणून मी मेमरी कार्डावर दुसरी टाकून दिली होती आणि टॅब त्या कार्डावरूनच सुरू व्हायचा. लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायच्या आधीच अकोल्याच्या दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि नेमका त्याच सकाळी टॅब कंपनीच्या चिन्हावर अडकला. मी कार्डावर सिस्टिम पुन्हा टाकली, तरी तेच. मावशी हार गुंफायचं थांबवून माझ्या तोंडाकडे पाहत बसली. मावसाजी येरझाऱ्या घालत होते. "काहून चालू नाई होऊन राह्यला? जावई बी फोन उचलून नाई राह्यला!" मी कार्ड पुन्हा बाहेर काढलं, तर त्यावर ओल होती. टॅब तापतो म्हणून मावशीनं त्यालाही फुलांसारखं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं! कार्ड पुसलं, टॅबमधली कार्डाची खाच पंख्याखाली सुकवली आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं. चिन्ह आलं, बराच वेळ तसंच राहिलं, मग पडदा उजळला. थोड्याच वेळात व्हिडिओ कॉल आला. तिकडे फोन जावयानं धरला होता. लेक मावशीशी एक शब्दही बोलू शकली नाही. तिचे दोन्ही हात बाळाखाली होते.