सिनिगांगमधली कैरी

माझी सून फिलिपिनो. गेल्या वर्षी तिला हिस्टमीनचा, म्हणजे काही पदार्थांत साठणाऱ्या एका रसायनाने अंगावर पित्त उठण्याचा, त्रास निघाला आणि जर्सी सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर, सोया सॉस, माशांचा आंबवलेला सॉस, टोमॅटो, चिंच असं सगळं हद्दपार झालं. आंबवलेलं, मुरवलेलं, शिळं काही चालत नाही. तिच्या माहेरच्या जेवणातून एवढं काढल्यावर उरतं काय? भात. ती बिचारी भात आणि ताजं उकडलेलं चिकन मुकाट्याने खायची आणि मी समोर बसून चिडचिड करायची. कोणावर, ते मलाही कळत नव्हतं.

मला स्वस्थ बसवत नाही. रिटायर झाल्यापासून तर फारच. तिच्या वाढदिवसाला काय करू विचारलं, तर ती म्हणाली सिनिगांग. म्हणजे त्यांचं चिंचेचं आंबट सार. तिची आई करायची. काही घरांत त्यात चिंचेऐवजी कैरी घालतात, असं तिनेच बोलताबोलता सांगितलं आणि मी तेच धरून बसले. डाएटिशियनने कैरी थोडी खाऊन बघायला सांगितली होती.

कैरीसाठी इंडियन स्टोअरच्या तीन खेपा केल्या. मुळा, भेंडी, मीठ. फोडणी द्यायला हात शिवशिवत होता, तो आवरला. चिकन मात्र आदल्या दिवशीच उकडून, पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवलं. घरी काही असलं की निम्मी तयारी आदल्या दिवशी झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी आईही तशीच, मावश्याही तशाच.

पहिल्या घोटाला सुनेने डोळे मिटले. मग आणखी एक बाऊल मागितला. मुलगा खूश होता. मी तिच्या मनगटांकडे बघत होते, त्रास झाला की गांधी आधी तिथे उठतात.

अर्ध्या तासात दोन्ही हातांवर गांधी उठल्या. तिने गोळी घेतली आणि फोन काढला. कशाने त्रास झाला ते ती फोनमध्ये लिहून ठेवते, आणि एकदा लिहिलं की तो पदार्थ कायमचा बंद. मी खिडकीपाशी गेले, परत आले, ओटा पुसला, पुन्हा पुसला. तेव्हा आठवलं. शिजवून ठेवलेल्या मांसात हिस्टमीन वाढतं, हे डाएटिशियनने मला दोनदा बजावलं होतं. मी एकेक जिन्नस तपासला होता, आणि चिकन कालचं वापरलं होतं.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय. सुनेसमोर असली चूक कबूल करायची मला लाज वाटली. पण ती कैरी लिहायला लागली होती.

"थांब," मी म्हणाले. "कैरी लिहू नकोस. चिकन कालचं होतं. मी काल उकडून ठेवलेलं."

"आई, यार, तुला माहीत होतं ना?" मुलगा म्हणाला. मी मान हलवली. माहीत होतंच.

आता ती रागावणार, आणि रागवावंच, असं मला वाटत होतं. ती दंड खाजवत होती. मग तिने फोन बाजूला ठेवला.

"म्हणजे कैरीने नाही झालं?" तिने विचारलं. "म्हणजे मी हे परत खाऊ शकेन?"

दोन्ही हातांवर गांधी उठलेल्या असताना ती इतक्या आशेने विचारत होती की मलाच रडू आलं.