दोष बाजूला ठेवणाऱ्या म्याडम

"दोष कोणाचा ते आधी बाजूला ठेवा. झालं काय, ते बघू."

चष्मा काढून रुमालानं पुसत म्याडम हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायच्या. प्रयोगशाळेतली काचेची नळी फुटली तरी, प्राचार्यांची फाईल हरवली तरी. परभणीतल्या आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये तुम्ही आठवडाभर बसला असतात, तर हे वाक्य आमच्यापैकी कुणालाच का मानवत नव्हतं ते तुमच्याही ध्यानात आलं असतं. दोषी सापडला की आमचं काम संपायचं. फुटलेली नळी तशीच पडून राहायची.

मी मराठी शिकवतो, त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. आमची खरी ओळख झाली ती एका शब्दावरून. महिला दिनाला म्याडमचं व्याख्यान ठरलं. विषय त्यांनीच लिहून दिला : स्तनाचा कर्करोग आणि एपिजेनेटिक बदल. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"सर, तुम्ही भाषेचे माणूस. पहिल्या शब्दाला काहीतरी सभ्य बघा."

"आणि एपिजेनेटिकला?"

"तो राहू द्या. तो कुणाला कळत नाही, त्यामुळं अडचण नाही."

मी शब्दकोश घेऊन बसलो. 'वक्षव्याधी' सुचला, तो प्राचार्यांना जास्तच धीट वाटला. अखेर पत्रिका छापली गेली : 'महिलांचे आरोग्य : एक चिंतन'. म्याडमनी ती वाचली आणि मला म्हणाल्या, "चिंतन तुमी करा सर. मी गाठीबद्दल बोलणार हाय."

आणि बोलल्या. पहिल्याच वाक्यात तो शब्द माईकवरून सभागृहभर गेला. माईकवाल्यानं घाईघाईनं आवाज कमी केला. म्याडमनी माईक टेबलावर ठेवला आणि तशाच बोलायला लागल्या. त्यांचा आवाज सायकल स्टँडपर्यंत जायचा. पहिल्या रांगेतले मान्यवर एकदम पत्रिका वाचण्यात गढून गेले.

त्यांनी माझ्या हातातलं जाडजूड पाठ्यपुस्तक मागून घेतलं. "प्रत्येक पेशीत असं एक पुस्तक असतं. पेशीनं कसं वाढायचं, कुठं थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं. आता बघा, मी एक अक्षर बी बदलत न्हाई." असं म्हणून त्यांनी दोन पानं एकमेकांना टाचणीनं जोडून टाकली. "या पानावर लिहिलंय, 'आता वाढणं थांबव.' मजकूर हाय, पण वाचताच येईना. मग पेशी वाढतच चालली. कधी अक्षरंच बदलतात, कधी अशी पानं बंद होतात, बऱ्याचदा दोन्ही होतं. ही टाचणी म्हणजे एपिजेनेटिक बदल."

"टाचणी लावतं कोण?" मागून एका प्राध्यापकांनी विचारलं.

"वय लावतं. बाकी काही कारणं माहीत हायत, लय माहीत न्हाईत. शोधायलेत अजून."

कुणालाच दोषी न धरणारं उत्तर आमच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच प्राध्यापक आपल्या बायकोला उशिरा जेवलीस तर टाचणी लागेल म्हणून दम देत होते. पंधरा दिवसांत बाजारात एका काढ्याचा फलक लागला : 'टाचणीमुक्त पेशी, निरोगी स्त्री'. म्याडम मला घेऊन त्या दुकानात गेल्या.

"कोणती टाचणी निघते यानं?"

"सगळ्याच निघतात म्याडम," दुकानदार आदरानं म्हणाला.

"सगळ्या न्हाई काढायच्या. काही पानं बंदच असावी लागतात. सगळंच उघडलं तर लय घोटाळा व्हईल."

दुकानदारानं विचार केला. "मग निम्म्या डोसाची बाटली काढू का?"

त्या दिवशी म्याडम रस्त्याच्या कडेला थांबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

व्याख्यानाचा खरा उपयोग मात्र ज्या बाईला झाला, तिला कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या कौसाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. चार दिवसांनी त्या प्रयोगशाळेत गेल्या.

"म्याडम, मला हाय तसली गाठ. दुखत न्हाई, म्हून कुणाला बोलले न्हाई."

"दुखत न्हाई, म्हणूनच चला," म्याडम म्हणाल्या आणि पुढचा तास सोडून त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या.

कर्करोग निघाला. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, नंतर दर तीन आठवड्यांनी केमोचं औषध सुरू झालं, आणि त्यानं डोक्यावरचे सगळे केस गेले. दर वेळी म्याडमचा रजेचा अर्ज यायचा. त्यावर कारण स्वच्छ लिहिलेलं असायचं : 'कौसाबाईंसोबत'. कार्यालयाला नात्याचा रकाना कसा भरावा ते कळेना.

दुसऱ्या औषधानंतर कौसाबाईंनी हट्ट धरला. त्यांची मुलगी मीरा, तिचं लग्न चारठाण्याच्या एका घरात ठरत आलं होतं. तिकडं कुणकुण लागली आणि निरोप आला, की आजार खानदानी असेल तर विचार करावा लागेल. कौसाबाई म्हणाल्या, "लगीन होऊस्तोवर औषध थांबवा. केस आले की लोक इसरतील."

म्याडमनी खूप समजावलं. कौसाबाई ऐकेनात. मग एका रविवारी म्याडम आणि मी एसटीनं चारठाण्याला गेलो. मला का नेलं, तर सोबत एक पुरुष असला म्हणजे ते लोक ऐकून तरी घेतील. हे त्यांनी मला जाताना हसतहसत सांगितलं.

मुलाच्या वडलांनी चहा दिला. म्याडमनी कागद पुढं केले. जन्मतः आलेला दोष रक्ताच्या तपासात सापडला नव्हता. गाठीचा तुकडा अभ्यासासाठी घेतला होता, त्यात एक पान बंद पडलेलं दिसलं होतं, पण ते फक्त गाठीत. म्याडमनी सगळं नीट सांगितलं.

वडील खूष झाले. "म्हंजे खानदान चोख हाय तर! मग बाईनंच काहीतरी केलं असंल. खाण्यापिण्याचं, न्हाईतर लय काळजी करायची."

म्याडमनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "खानदानाला सोडलं, की लगेच बाईला धरलं का?"

"तसं न्हाई. पण पोरीला व्हनार न्हाई, असं लिहून द्या. मग आमचं कायी म्हननं न्हाई."

"देते. तुमी पण द्या, तुमच्या मुलाला व्हनार न्हाई म्हणून."

"पोराला? हा काय गड्याचा आजार हाय का?"

"कमी होतो. पण होतो."

कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्या मुलानं हळूच शर्टाचं वरचं बटण लावलं. मला हसू आवरेना. पण वडील उठून उभे राहिले आणि तिथंच ते लग्न मोडलं.

परतीच्या एसटीत जिंतूर मागं पडलं. तेव्हा म्याडम खिडकीकडं बघत म्हणाल्या, "सर, मी मोडलं का हो ते लगीन?" त्यांच्या तोंडून दोषाचा प्रश्न मी प्रथमच ऐकला.

उत्तर दिलं मीरानं. आम्ही कौसाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा त्या भिंतीला टेकून रडत होत्या. बातमी फोननं आमच्या आधी आली होती. मीरानं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली आणि म्हणाली, "आई, आता परवाचं औषध चुकवायला कारण उरलं न्हाई."

कौसाबाईंनी सगळी औषधं पूर्ण घेतली. दर तीन आठवड्यांनी दोन बाजूंना दोघी, एक मुलगी आणि एक म्याडम. मीरा पुढं पालमला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली.

गेल्या उन्हाळ्यात म्याडम निवृत्त झाल्या आणि भावाकडं, दूरच्या गावी राहायला निघाल्या. निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. स्टेशनवर पोचवायला आम्ही तिघंच होतो, मी, कौसाबाई आणि मीरा. गाडी हलायच्या आधी त्या खिडकीतून कौसाबाईंना म्हणाल्या, "पदर काढा जरा. बघू द्या केस किती वाढलेत."

कौसाबाईंनी चारी बाजूंना पाहिलं. प्लॅटफॉर्मवर ओळखीची माणसं होती, त्यांच्या गावचेही दोघं होते. तरी त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. बोटभर वाढलेले, दाट, करडे केस.

गाडी सुटली. शेवटचा डबा वळणाआड गेला, तरी कौसाबाई भर प्लॅटफॉर्मवर तशाच उघड्या डोक्यानं उभ्या होत्या.