हॉवरक्राफ्टचा स्कर्ट आणि माझं गप्प बसणं

नायमेखन या डच शहरात मास्टर्स करताना मी एका लहान कंपनीत इंटर्नशिप केली. तिथे चार सैनिक बसतील एवढी हॉवरक्राफ्ट बनत होती, सीमेवरच्या नदीत गस्त घालण्यासाठी. पाण्यावरून आली की ती तशीच गोट्यांच्या काठावर चढते. तिला उचलून धरणारी हवा खालच्या रबरी कापडाच्या झालरीत कोंडलेली असते. त्या झालरीला स्कर्ट म्हणतात. आमचा स्कर्ट दर चाचणीत काठावर घासून फाटायचा.

का फाटतो ते मला आधी कळलं, यात हुशारी अशी काही नव्हती. माझे वडील ताडपत्र्या शिवतात. जिथे घासणार तिथे सुईची भोकं येऊ द्यायची नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. इथे शिवण नेमकी स्कर्टच्या खालच्या कडेवर होती. मी कड आत दुमडून शिवण चार बोटं वर घेतली, नमुने स्वतः शिवले आणि सगळं लिहून टीमच्या प्रमुखांना ईमेल केलं. तो स्कर्ट दिवसभर गोट्यांवरून गेला. एक टाका उसवला नाही.

मग सैन्याच्या अधिकाऱ्यांसोबत मीटिंग झाली. प्रमुखांनी माझेच फोटो लावले आणि ही स्वतःची कल्पना म्हणून सांगितली. शेवटी सगळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. माझ्याकडेही बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं. नंतर ते आपणहून सांगतील, असं मला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगचा वृत्तांत आला. माझ्या नावापुढे होतं, ‘नमुने शिवायला मदत’. खाली, ‘सर्वांना मान्य’. माझा प्रबंध याच कामावर होता. आता तो त्यांचं उचलून लिहिल्यासारखा दिसणार होता. मला प्रचंड राग आला.

त्याच देशात, हार्लेमला, आमच्या गावाकडच्या तालुक्यातला एक दादा राहतो, आयटीत आहे. त्याला फोन केला.

“गप बस,” तो म्हणाला. “शिवण वर घेतलीस, रॉकेट नाही सोडलंस. उद्या नोकरीला त्यांचंच शिफारसपत्र लागणार आहे.”

तो काळजीनेच बोलत होता. तरी मला त्याचाही राग आला.

सोमवारी टीमच्या मीटिंगमध्ये मी बोलले. कल्पना माझी आहे, ईमेल आहे, वृत्तांत दुरुस्त करा, एवढंच म्हटलं. प्रमुख ना ओशाळले ना चिडले.

“मग तेव्हाच का नाही बोललीस? मी विचारलं होतं ना,” ते म्हणाले. आणि तिथल्या तिथे लॅपटॉपवर ओळ बदलली.

विचारलं होतं, हे खरं. पण माझा ईमेल त्यांनी वाचला होता, त्याला उत्तरही दिलं होतं. त्यांना माहीत असलेलं खरं मी त्यांना का आठवून द्यायचं? हे मला आजही पटलेलं नाही.

सगळे पुढच्या विषयाकडे वळले. अधिकाऱ्यांकडे मात्र जुनाच वृत्तांत गेला होता. मी पुन्हा हात वर केला आणि म्हटलं, “दुरुस्त केलेला वृत्तांत त्यांना आत्ता पाठवा, माझ्यासमोर.”