फोटोतला काळा ठिपका

समुद्रातल्या सील प्राण्यांचे फोटो काढायचं वेड मला इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आल्यावर लागलं. आठवडाभर ऑफिसात दोन स्क्रीनसमोर बसायचं आणि शनिवारी पहाटे थर्मास भरून गाडी काढायची ती थेट नॉरफोकच्या किनाऱ्यापर्यंत. मैत्रिणी विचारायच्या, त्या लोळणाऱ्या गोळ्यांत बघण्यासारखं काय आहे? मी तशी फटकळ. म्हणायचे, ते तुमच्यासारखे प्रश्न विचारत नाहीत.

त्या हिवाळ्यात आई पुण्याहून माझ्याकडे आली होती. एका शनिवारी तिलाही नेलं. थंडीत सीलच्या माद्या वाळूवर येऊन पिल्लं घालतात. पांढरी, लोकरीची पिल्लं. माणसांनी जवळ जाऊ नये म्हणून दोर बांधलेला असतो, स्वयंसेवक उभे असतात. माणसं जवळ गेली तर पिल्लाची आई बिचकते, कधीकधी परत येतच नाही. हे सगळं मी गाडीत दोनदा सांगितलं. आई मला गुळाच्या दशम्या भरवत हो हो म्हणत होती.

किनाऱ्याच्या टोकाला एक पिल्लू एकटंच रडत पडलं होतं. सीलचं पिल्लू हुबेहूब तान्ह्या बाळासारखं रडतं, हे सांगायचं मात्र मी विसरले होते. आई जागच्या जागी थांबली.

"अगं, ओली बाळंतीण गेली कुठे लेकराला उघड्यावर टाकून?"

"पाण्यात गेली असेल. येईल."

"आणि ही एवढी माणसं टक लावून बघतायत. दृष्ट नाही का लागायची?"

मी हसले आणि मोठी लेन्स लावून लाटांकडे वळवली. पाण्यात एक काळं डोकं वर आलं होतं. दोन डोळे, पिल्लाकडे लागलेले. ती परत येत होती. मी फोकस करतेय तोवर फ्रेममध्ये आई आली.

वाऱ्याने दोर एका ठिकाणी खाली पडला होता, तिथून ती गेली होती. तिने अंगावरची शाल पिल्लावर टाकली, दोन्ही हात त्याच्यावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दृष्ट काढली. मग माझ्याकडे वळून हसली. बाबा गेल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

मला हाक मारता आली असती. आई, मागे ये. तीनच शब्द. पण उजेड छान पडला होता, मागे समुद्र होता, आणि मी बटण दाबलं. एकदा नाही, दाबतच राहिले.

एक स्वयंसेवक बाई धावत आली. ओरडली नाही, उलट आईशी फार अदबीने बोलली. काठीने शाल उचलून तिने परत दिली आणि तिला दोराबाहेर आणलं. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. ते डोकं पुन्हा दिसलं नाही. गाडीत आई शालीची घडी मांडीवर घेऊन बसली होती. तिने ती पांघरली नाही.

पुढच्या शनिवारी मी एकटीच गेले. तीच बाई होती. म्हणाली, दोन दिवस वाट पाहिली, मादी आली नाही. पिल्लाला न्यायला माणसं पोहोचली तोवर त्याने जीव सोडला होता. घरी आले तर आई दारातच. मी बूट काढायच्या आत तिने विचारलं, "आली का गं त्याची आई?"

"आली. त्याच संध्याकाळी," मी म्हटलं. लाज वाटावी इतक्या सहज म्हटलं.

पुण्याला परतल्यावर आईने ही गोष्ट सगळ्या सोसायटीला सांगितली. दर फोनवर कुणीतरी नवीन ऐकणारं भेटलेलं असायचं. मी कॅमेरा कपाटात टाकला. तरी खालच्या फ्लॅटमधलं बाळ रडायला लागलं की माझा हात आपोआप रेडिओकडे जातो. आवाज मोठा करते. तरी ऐकू येतंच.

मागच्या वर्षी आई गेली. मी पोहोचले तेव्हा दादाने हॉलमध्ये लावायला फोटो निवडून ठेवला होता. दुसरा कुठला असणार? आईने माझ्याकडून हट्टाने मागून घेतलेला, त्या किनाऱ्यावरचा. कानशिलांवर हात, चेहराभर हसू. खालचं पिल्लू त्याने कापून टाकलं होतं. लॅपटॉपवर मोठा करून मला दाखवत म्हणाला, "खांद्यामागे पाण्यात हा काळा ठिपका आहे बघ. दगड असावा. फोटोवाला काढून देतो म्हणतोय."

"नको काढू," मी म्हटलं. "दगड नाहीये तो. त्या पिल्लाची आई आहे."

दादाने स्क्रीनजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे खरंच आली होती ती? आई सगळ्यांना सांगायची तशी?"

"आली होती," मी म्हटलं. "मध्ये आम्ही उभ्या होतो."